कासराभर दिवस

मुलांनो, आपल्या सईने कायद्याच्या शिक्षणाला प्रवेश घेतला आणि परवा फोनवर विचारलं, "आजी, पोलिसांचं आणि वकिलांचं वैरच असतं ना?" ज्यांच्यामुळे मला याचं उत्तर कळलं, ते धाराशिवचे वकीलसाहेब या उन्हाळ्यात गेले. म्हणून आताच लिहून ठेवते. ते प्रकरण माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेलं नाही.

मी तेव्हा फौजदार होते. माकणीजवळ धरणाच्या कडेला एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार चोरीला गेली. रात्री लाइट आल्यावर त्याने ती चालवली होती. सकाळी जागेवर नव्हती. खबर लागली की शेजारच्या रानातल्या म्हातारीने एका मेंढपाळाला विहिरीकडून येताना पाहिलं. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं जड ओझं होतं. केव्हा? "दिस कासराभर व्हता तवा." कासरा म्हणजे बैलाचा दोर, सूर्य जमिनीपासून तेवढाच वर. हवालदाराने जबाबात 'सकाळी' लिहिलं आणि आम्ही मेंढपाळाला अटक केली.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "लंगडं मेंढरू व्हतं बाईसाहेब. आदल्या सांजचं आणलं."

"तुझं मेंढरू येळ बगून लंगडतंय व्हय?" हवालदार म्हणाला.

तो हसला नाही. "मला आत टाकलं तर मेंढरं कोण राखंल? बायको बाळंतीण हाय."

दुसऱ्या दिवशी मेंढपाळाच्या बाजूने वकीलसाहेब एसटीने आले. गुडघ्यापर्यंत धूळ. वकीलपत्र घेतलं की आधी जागा बघायची, कागद नंतर, ही त्यांची रीत.

"चहा सांगा मॅडम. उपाशीपोटी भांडण जमत न्हाय मला."

"विहिरीवर जाऊन आलात?"

"व्हय. तुमच्या साक्षीदाराशी बोललो न्हाय, ते तुमचं काम. पण आमच्याकडं दिस दोनदा कासराभर असतो. चढताना आणि मावळताना. तुमच्या जबाबात एकदाच कसा?"

हवालदाराने कप खाली ठेवला.

"हे कोर्टात काढलं असतंत तर माझी फजिती झाली असती," मी म्हटलं.

"लई झाली असती. पण तवर मेंढरं कोण राखणार? म्हातारीला वेळ विचारू नका. सावली विचारा."

मी स्वतः रानात गेले. "आजी, तो आला तेव्हा तुमची सावली कुठं पडली होती?"

"ही काय, पार उगवतीला. त्या बाभळीपतूर."

"म्हणजे सकाळ नव्हती?"

"सकाळ कोण म्हणलं, माय? मला कुणी इचारलंच न्हाय."

सावली पूर्वेला, म्हणजे सूर्य पश्चिमेला. ती आदली संध्याकाळ होती, आणि मोटार तर त्यानंतर रात्री चालली होती. मी कोर्टात तसा अहवाल दिला आणि मेंढपाळ सुटला. मोटार पुढे एका भंगारवाल्याकडे सापडली. चोर तिसराच निघाला.

त्याच वकीलसाहेबांनी नंतर साक्षीच्या पिंजऱ्यात मला कितीदा तरी घाम फोडला. एकदा माझा पंचनामा त्यांनी असा उसवला की मलाच तो खोटा वाटू लागला. बाहेर आल्यावर चहा मात्र त्यांच्याकडून. सई, याला वैर म्हणायचं का, ते तू ठरव. मी एवढं शिकले की लोक बहुतेक वेळा खरंच बोलतात. ते त्यांच्या भाषेत ऐकावं लागतं.

त्यांचं ऑफिस आता त्यांची सून चालवते. खेड्यातला साक्षीदार समोर बसला की ती अजूनही आधी सावलीच विचारते.