नानांच्या हाताची गाठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. एकदा देवळात हात जोडून उभा राहिलो, म्हटलं इथं तरी बोलू — आणि तिथंही मुलीच्या लग्नाचं मागणं मागून परत आलो. देवासमोरसुद्धा माणूस किती सफाईनं विषय बदलतो! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असता तर सांगितलं असतं का? मला नाही वाटत.

सरळ सांगायला मला जमणार नाही. थोडं फिरून यावं लागेल.

मी टेंभुर्णीचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून हायवेवर ट्रकवर ताडपत्री बांधायचं काम केलं. साखरेची पोती असोत की कांदा, माल भरून झाला की अंकुशला हाक. फुशारकी मारत नाही, पण मी बांधलेली ताडपत्री हैदराबादपर्यंत हलायची नाही. या कामात एकच गोष्ट ध्यानात ठेवायची — जिथं फडफडतंय तिथं आधी आवळायचं. एकदा वारं आत शिरलं की ताडपत्री गेलीच म्हणून समजा. पंधरा वर्षं मी हेच केलं आणि त्यावर लोकांची शाबासकी घेतली. शाबासकीची सवय वाईट हो. तिच्यामुळं माणूस शिकायचा थांबतो.

मग साहेब आले. सोलापूरचे, निवृत्त इंजिनियर, बरीच वर्षं परदेशात नोकरी केलेले. त्यांनी उजनीच्या पाण्यावर शिडाची बोट आणली — कॅटामरान. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, मधे पाट जोडावा तसं डेक, त्यावर बसायला छप्पर आणि पुढं ही उंच डोलकाठी. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला माणसं यायची, त्यांना फिरवायचं. आमच्या काठावरची माणसं सुरुवातीला हसली. उसाच्या रानात मोटारी सुरू असताना हा कोण वाऱ्यावर बोट चालवणारा? पण साहेब जिद्दीचे. त्यांना दोन माणसं हवी होती. एक मी, दोरखंडाचा माणूस म्हणून. दुसरे सुदाम नाना.

नाना आमच्या काठचे मासेमार. पाण्यावरच वाढलेले. तेव्हा वय पंचावन्नच्या पुढं, अंगानं काटक, बोलायला कमी. त्यांच्या हातची गाठ बघत राहावी अशी. जाळं असो, होडी असो, गाठ कधी सुटली नाही आणि सोडायची म्हटली तर एका झटक्यात सुटायची. काठावरची माणसं नवी होडी घेतली की पहिली दोरी नानांकडून बांधून घ्यायची, तसा रिवाजच पडला होता. नाना त्याचा एक पैसा घ्यायचे नाहीत. चहा मात्र बसून प्यायचे, आणि पिताना त्या गाठीकडं बघत राहायचे. त्यांचा तेवढाच काय तो गर्व. मला वाटतं, तेवढ्यावर तो माणूस जगत होता.

आता शिडाचं सांगतो, कारण त्याशिवाय माझा गुन्हा तुम्हाला कळायचा नाही.

वारा वाढला की पूर्ण शीड ठेवता येत नाही, लहान करावं लागतं. साहेब त्याला रीफ म्हणायचे. साधी बोट वारा जास्त झाला की कलते, माणसाला आपोआप कळतं. ही दोन होड्यांची बोट कलत नाही. शेवटपर्यंत सपाट, गुमान पळत राहते आणि मग एकदम घात करते. म्हणून साहेबांनी वाऱ्याचं मीटर लावलं होतं. आकडा ठरलेला. तो आला की शीड लहान करायचंच, कितीही बरं वाटत असलं तरी.

करायचं कसं? शीड थोडं खाली उतरवायचं. पुढचा कोपरा डोलकाठीजवळच्या हुकात अडकवायचा. मग मागच्या कोपऱ्याची दोरी शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या टोकाकडं ओढून करकचून आवळायची. सगळा जोर या दोन कोपऱ्यांनी घ्यायचा. मधे कापडाची झोळी लोंबत राहते, ती बारक्या नाड्यांनी बांधायची — पण सगळ्यात शेवटी आणि सैल. नाडीखालून दोन बोटं गेली पाहिजेत. त्या नाड्या नुसत्या कापड गोळा करायला असतात. त्यांच्यावर जोर आला की शीड तिथून फाटतं.

मला हे माहीत होतं. हे नीट ऐका — मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. नाड्या आवळताना साहेबांनी दोनदा पकडलं होतं मला. "अंकुश, हा ट्रक नाही," म्हणाले होते. दुसऱ्या वेळी तर म्हणाले की तिसऱ्यांदा दिसलं तर दुसरा माणूस बघेन. नानांनी मला बाजूला घेऊन चार दिवस शिकवलं होतं, माझी बोटं धरून. माझ्या मनात मात्र काय? ह्यांना काय कळतंय. पंधरा वर्षं वाऱ्याशी मी झटलोय, ह्यांनी पुस्तकं वाचलीत.

तो मे महिना होता. दुपार टळलेली. पाहुण्यांना पलीकडच्या काठावर सोडून आम्ही तिघंच रिकामी बोट घेऊन परत येत होतो. पश्चिमेला आभाळ मातकट झालं आणि वळवाचा वारा उठला. मीटरचा आकडा चढला. साहेबांनी सुकाणू धरून बोटीचं तोंड वाऱ्याकडं केलं आणि रीफ घ्यायला सांगितलं. त्या दोन चुकांनंतर डोलकाठीपाशी मी असायचो आणि मागचा कोपरा, नाड्या हे नानांचं काम. त्या दिवशी शीड उतरवायची दोरी वर अडकली. ती सोडवायची युक्ती नानांनाच ठाऊक, म्हणून ते पुढं गेले आणि मला मागं जायला सांगितलं. साहेब छपराखाली, डोळ्यांत धूळ. त्यांना आमची अदलाबदल दिसली नाही.

मागच्या कोपऱ्याची दोरी माझ्या हातात होती. ती आधी ओढायची होती. पण मधे शीड असं फडफडत होतं, असा आवाज करत होतं — आणि मी दोरी सोडून नाड्यांना हात घातला. हातांना सवय होती असं म्हणू का? म्हणता येईल. पण मला आठवतंय, मी मनात म्हणालो होतो, आता बघा म्हणावं अंकुश कसा बांधतो. एकेक नाडी गुडघा टेकवून आवळली. ट्रकवर आवळतो तशी.

पुढून नाना ओरडले, "झालं का रं?"

मागचा कोपरा अजून मोकळाच होता. मी ओरडलो, "झालं."

का? अजून दोन मिनिटं लागतील एवढं म्हणायचं होतं. नाना गप्प थांबले असते. उशीर झाला हे दिसू नये म्हणून? एवढ्यासाठी? सहा वर्षं मी स्वतःला हे विचारतोय आणि याहून मोठं कारण सापडत नाही.

नानांनी शीड ताणलं. साहेबांनी बोट वळवली, वारा भरला. सगळा जोर त्या बारक्या नाड्यांवर आला आणि शीड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टरटरत फाटलं. दांडा सुटल्यासारखा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरला. नाना तेव्हा पुढून मागं येत होते, मला हात द्यायला. दांडा त्यांच्या डोक्याला लागला, कानाच्या वर. आवाज मोठा नाही झाला.

साहेबांनी इंजिन लावून बोट काठाला आणली. मी नानांचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो आणि दुसऱ्या हातानं दांड्यावर उरलेल्या माझ्या गाठी सोडत होतो. माणूस जातोय की राहतोय ठाऊक नाही, आणि मी गाठी सोडत होतो.

सोलापूरला दवाखान्यात तिसऱ्या दिवशी नाना शुद्धीवर आले. त्यांना सकाळचा चहा आठवत होता. त्यापुढचं काही नाही. वळीव नाही, अदलाबदल नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, अशा मारात असं होतं, ते बहुधा परत यायचं नाही. आणि खरं सांगू? ते ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याची मला आज शिसारी येते, पण उतरलं होतं.

साहेबांनी फाटलेलं शीड बघितलं होतं. नाड्यांच्या रांगेत फाटलंय म्हणजे काय झालंय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी खाटेपाशीच मला विचारलं की मागं कोण होतं. नाना ऐकत होते. मी म्हणालो, नेहमीसारखे नानाच होते.

साहेबांनी नानांकडं बघितलं. नाना बोलले. "माज्या हातनं?"

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, "अंकुश, खरं सांग. माज्या हातनं झालं का?"

"व्हय नाना," मी म्हणालो. "तुमी गडबडीत व्हता."

त्यांनी पांघरुणाबाहेर दोन्ही हात काढले आणि बराच वेळ बघत बसले. नानांची मालकीण, पारूकाकू, पायाशी बसली होती. तिनं ते हात परत आत घातले.

एवढंच असतं तर भीतीपोटी बोललो म्हणून मी कदाचित स्वतःला समजावलं असतं. पण एवढंच नाही.

दोन महिन्यांनी नानांनी मला घरी बोलावलं. चालताना त्यांचा तोल जायचा, पाण्यावर जाणं बंदच झालं होतं. अंगणात त्यांनी एक बांबू आडवा बांधला होता, त्यावर जुन्या साडीचं कापड आणि नाड्या. मला म्हणाले, तू तिथं होतास, तू बघितलंस, आता मी करतो ते बघ आणि कुठं चुकतं सांग. आणि त्यांनी करून दाखवलं. आधी पुढचा कोपरा. मग मागचा, करकचून. मग नाड्या, सैल, प्रत्येकीखाली दोन बोटं घालून. एकही चूक नाही. तीनदा केलं. घामानं निथळले होते. तिसऱ्यांदा माझ्याकडं बघितलं — त्या नजरेत काय होतं सांगू? मास्तरापुढं उभ्या राहिलेल्या पोरासारखे बघत होते. मला गाठ शिकवणारा माणूस.

तेव्हा सांगायचं होतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. नोकरीही राहिली नव्हती, साहेबांनी बोट विकून टाकली होती. मला गमवायला काही उरलं नव्हतं. मग मी काय केलं? मी पुढं झालो, एका नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "नाना, हितं जरा जास्त आवळताय तुमी."

तिथं माझी दोन बोटं सहज जात होती.

त्यांनी माझं ऐकलं. मान डोलावली. म्हणाले, "आपल्याला कळतच न्हाय बग." आणि कापड सोडून घडी केली.

तेव्हापासून नानांनी गाठ बांधली नाही. खोटं वाटेल तुम्हाला. शेळी बांधायची तरी पारूकाकूला हाक मारतात. जाळी पुतण्याला देऊन टाकली. काठावर नवी होडी आली तर मागल्या दारानं रानात निघून जातात, कुणी बोलवायला येऊ नये म्हणून. लोकांना वाटतं डोक्याला मार बसल्यानं असं झालंय. मीही तसंच सांगतो. मीच जास्त सांगतो.

मी चारदा बोलायला गेलो. एकदा त्यांच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन काकूला केळ्यांचा घड देऊन आलो. एकदा तर "नाना, त्या दिवशी" एवढं म्हणालोसुद्धा. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, तू नको मनाला लावून घेऊ, तू होतास म्हणून मी जिवंत काठाला आलो. मग काय बोलणार? बोलता आलं असतं. नाही बोललो. आणि जितकं लांबतंय तितकं ते अवघड होत चाललंय, कारण आता नुसती ती दुपार सांगायची नाही, ही सहा वर्षं सांगायची आहेत. त्यांनी आपल्याच हातांचा संशय घेत काढलेला एकेक दिवस मला माहीत आहे. मी येऊन जाऊन बघत होतो.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. आदल्या दिवशी दारात मांडव घालत होते. नाना काठी टेकत आले, सगळ्यांत आधी आले. घरच्या जुन्या माणसानं मांडवाची पहिली दोरी बांधावी असं म्हणून माझ्या बायकोनं दोरी त्यांच्या हातात दिली. तिला काय ठाऊक? सगळे बघत होते. नानांनी दोरी हातात घेतली, बोटांनी एकदा चाचपली. त्यांची बोटं आपसूक वळायला लागली होती, मी बघितलं. मग ते थांबले आणि दोरी माझ्याकडं सरकवली.

"तूच बांध अंकुश," ते म्हणाले. "पोरीचं लगीन हाय. माज्या गाठीचा भरवसा न्हाय."

मी दोरी घेतली. खांबाला दोन वेढे दिले आणि बांधली. नानांनी ती ओढून बघितली, परत एकदा बघितली, आणि सगळ्यांना सांगितलं की अंकुशच्या गाठीची काळजी नाही.