कच्ची सुई

कावीळ झालेला माणूस कळंबच्या दवाखान्यात आला, की यमुनाबाई त्याच्याशी आधी गप्पा मारायला बसत. वय काय, पाणी कुठलं, घरात आणखी कुणाला झाली का. शेवटी ठरलेला प्रश्न: "सुई कवा घेतली रं? लावनीच्या आदी का नंतर?" तारीख कुणाला आठवते! लावणी, गौरी, कापणी आठवते, म्हणून बाईंचं कॅलेंडरही तेच. उत्तरं त्या एका वहीत लिहून ठेवत.

यमुनाबाई आमच्या नर्स, कुंभिवलीच्या. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा वडिलांनी देव उतरवले आणि त्याच कोनाड्यात यांचं दप्तर ठेवलं. मी कर्जतच्या वकिली घराण्यातला, नवा कोरा डॉक्टर, अंगात भलती घाई. बाजाराच्या दिवशी ही रांग! गोळी दिली की तोंडं वाकडी: "सुई नाय दिली तं डाक्टर कसला?" मग मी दणादण टोचत सुटे. सुया चार, माणसं पन्नास. एकाला टोचली की स्पिरिटचा बोळा फिरवायचा, की दुसरा. हात हलका म्हणून माझं नावही झालं होतं. काय खूश होतो मी स्वतःवर!

एका बाजाराच्या सकाळी बाईंनी वही पुढ्यात ठेवली.

"सायेब, राग मानू नका. पान्याची कावीळ आली का समदी वाडी पिवळी होते, पोरं आदी. ही तशी नाय. ह्ये नऊ जन नऊ गावचे, समदे मोठे, येकमेकांना वळखत बी नाय. पन लावनीच्या येळंला समद्यांनी सुई घेतलीय, ती हितंच."

"माझ्याकडं?"

"तुमच्याकडं."

मी भडकलो. "डॉक्टर तुम्ही की मी?" असं ओरडून बाहेर आलो, पहिल्याला टोचलं आणि तीच सुई घेऊन दुसऱ्याकडे वळलो. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली, सगळ्यांदेखत. आणि रांगेला म्हणाल्या, "कच्चा भात खाता का रं? मंग कच्ची सुई कशाला? जरा दम धरा. शिजू द्या!" लोक हसले, खाली बसले. स्टोव्ह पेटला. सुया उकळेपर्यंत मी ती वही पहिल्यापासून वाचली. मान वर करवेना.

त्या नऊ जणांच्या घरी मी स्वतः गेलो, चूक माझी म्हणून सांगितलं. बाई सोबत होत्या. पुढे सुईच्या काविळीच्या विषाणूला नाव मिळालं, त्याचे प्रकार निघाले, कुठला प्रकार कुठल्या रोग्यांत जास्त याचा अभ्यास सुरू झाला. बाईंनी काविळीचे दोनच प्रकार केले होते, पाण्याची आणि सुईची, तेही गप्पा मारून. आज मी स्वतःला डॉक्टर म्हणवतो ते त्यांच्यामुळे.

उकळण्याआधी सुया धुवाव्या लागत. ते काम बाई कुणाला देत नसत. "तुमी टोचा, मी शिजवते."

बारा-चौदा वर्षांनी कुंभिवलीहून निरोप आला. गेलो तर बाईंचं पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. सवयीनं तोंडातून त्यांचाच प्रश्न निघाला, "बाई, सुई कधी टोचली?"

त्या हसल्या. "धुताना लय टोचल्या. कंची म्हनून सांगू?"

त्या सुया माझ्याच होत्या. मला रडू आवरेना.

"रडताय काय, सायेब? वही घ्या. त्या बाजारापासनं आपल्या सुईनं येकबी मानूस पिवळा नाय झाला. लिवा."

मी त्यांच्यासमोर लिहिलं. आठवड्यात बाई गेल्या. घरी येऊन वही उघडली, 'एकही नाही' खोडलं, 'एक' लिहिलं आणि पुढे त्यांचं नाव घातलं.