चिनी गावातला पूल

आमच्या आत्याच्या यजमानांना सगळं घर चिनी आतोबा म्हणे. विद्यापीठात ते चीनच्या समाजाचा आणि अर्थव्यवहाराचा इतिहास शिकवत. पण जीव जडला होता तो तिथल्या एकाच गावावर. नदीकाठचं, रेशीम विणणारं, दोनशे वर्षांपूर्वीचं गाव. आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे.

आतोबांची लिहिण्याची तऱ्हाच न्यारी. जुने कागद वाचायचे, गोष्टीगणिक चिठ्ठी करायची, चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत लावायच्या. मग खुर्चीत डोळे मिटून त्या गावात फिरायला जायचं. तुतीच्या बागांतून, कोश उकळणाऱ्या कढयांच्या वाफेतून, सावकाश. डोळे उघडले की चेहरा असा दिसे, जणू धुक्यातून चालत आलेत.

"आलात का?" आत्या चहा ठेवत म्हणे. "येताना साबण आणायला सांगितला होता."

निवृत्तीच्या वर्षी शेवटचं पुस्तक पुरं झालं. त्यातलं चौथं प्रकरण म्हणजे आतोबांचं काळीज. गावच्या दगडी पुलावर पहाटे विणकर बाया जमतात, रेशीम घेणारे पेढीवाले येतात, तिथेच मजुरी ठरते. बाया एकीने उभ्या असतात म्हणून मजुरी पडत नाही. असं आजवर कुणी मांडलं नव्हतं.

छपाईआधी तळटिपा जुळवायला बसले, तर पुलाची चिठ्ठी सापडेना. त्यांनी आणि आत्याने मिळून सगळी खोकी जमिनीवर पालथी केली. मजुरीची चिठ्ठी होती, बायांची होती, पेढीवाल्यांचीही होती. पुलाची नव्हती.

"मला तो दिसतो गं," आतोबा म्हणाले. "कठड्यावर शेवाळ आहे. एक पायरी खचलीय."

"दिसू दे की. पण वाचलात कुठे?"

आतोबांनी रिकामं खोकं पुन्हा एकदा झटकून पाहिलं. वाचला कुठेच नव्हता. इतकी वर्षं चालता चालता पायांना पलीकडे जायचं होतं, तेव्हा मनानेच कधीतरी तो बांधून टाकला होता.

आत्याला त्यांचा चेहरा बघवेना. "राहू द्या. पाण्याखाली जाऊन कोण बघणार आहे?"

"मी जातो ना रोज."

त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि सगळं प्रकरण काढून टाकलं. पुस्तक बारीक निघालं. विद्यापीठातल्या लोकांनी हार घातला, चार बरे शब्द बोलले, आणि तेवढ्यावर भागलं.

त्या संध्याकाळी आतोबा पुन्हा डोळे मिटून बसले.

"बाया अडल्या असतील ना नदीच्या अलीकडेच?" आत्याने हळूच विचारलं.

"होडीने जातात. नावाड्यांची भांडणं कचेरीत गेली होती, त्याचे कागद आहेत."

"मग बरंय."

"होडीत थोड्याच मावतात गं. एकएकट्या उतरतात, मिळेल त्या मजुरीला हो म्हणतात."

आत्या दिवा लावायला उठली होती, ती तशीच शेजारी बसली. होडी पलीकडे लागेपर्यंत तिला त्यांना उठवायचं नव्हतं.