नातीला तीन कॉलेजं, अन् मला हेवा

गारखेड्याच्या शांताअक्का, पत्र मिळालं, गुडघा काय म्हणतोय? फर्दापूरच्या नामदेवा, खोकला गेला का? तुझ्या सूनबाईंचा ताप उतरला असेल. मी ठणठणीत आहे, फक्त मन जळतंय.

आज सकाळी मुकुंदवाडीत टँकरच्या रांगेत होतो. शेजारी नात पूजा, हंडा पायाशी, डोळे मोबाईलात. तिला तीन कॉलेजांनी घेतलंय अन् आजच एकाला होकार कळवायचा होता.

"आबा, कोणतं घेऊ?"

"घे कोणतंही, आधी हंडा पुढं सरकव!" मी खेकसलो.

तिनं निरखून पाहिलं. "जळता व्हय माझ्यावर?"

लई लागलं, कारण खरं होतं. दुष्काळात बाप म्हणाला, मेंढरांमागं चल, अन् माझी शाळा सुटली. मेंढरांच्या पाठीवर गेरूनं खुणा करता करता अक्षरं शिकलो. हिला मात्र तीन-तीन कॉलेजं बोलावतायत!

"तुमी माझ्या जागी असता तर कुठं गेला असता?"

"जनावरांच्या डाक्टरकीला!" तोंडातून निघूनच गेलं. तिच्या तिन्हींत तेही होतं. वाटलं, आता माझ्यासाठी तेच घेईल.

पोरगी हसली. "ते तुमचं झालं आबा. मला पुण्याला जाऊन इमारती बांधायचं शिकायचंय." अन् रांगेतूनच होकार पाठवला.

शिकण्याचा हेवा जुनाच आहे. पण थोरल्या माणसाला तोंडावर नाय म्हणणं तिला जमतं, त्याचा जास्त वाटला. बापापुढं मला ते जमलं नव्हतं.

तुम्हालाही आपल्याच लेकरांचा हेवा वाटतो का? खरं खरं लिहा, अन् लवकर लिहा. पूजा जायच्या आत तिला वाचून दाखवायचंय.