शिव्यांची एमपीथ्री
आमच्या शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांनी फोनवर मला पाच मिनिटं शिव्या दिल्या आणि माझ्या मोबाइलनं त्या आपणहून रेकॉर्ड करून ठेवल्या. कारण एवढंच की, त्यांच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीत सहावीचा वर्ग लेझीम घेऊन हजर हवा होता आणि त्या दिवशी पोरांचा गणिताचा पेपर होता. मी तक्रार करायचं ठरवलं. आयुष्यातलं पहिलंच धाडस, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बीडला गेलो.

शिक्षणाधिकारी कार्यालयातल्या कारकुनानं मोबाइल हातात घेतला. "ही एएमआर फाईल हाय. आमच्याकडं एमपीथ्रीच लागते."

"पण ऐकू तर येतंय ना?"

"ऐकू येण्याचा काय संबंध, गुरुजी?"

धारूरच्या बाजारात फाईल बदलून देणारा एक झेरॉक्सवाला आहे. बदलून झाली की 'चेक करतो' म्हणून तो ती मोठ्या आवाजात लावतो. आमच्या एका सहकाऱ्याचं बायकोशी झालेलं भांडण अर्ध्या तालुक्याला पाठ आहे ते त्याच्यामुळं. मी दुकानाच्या पायरीवरूनच माघारी फिरलो.

घरी बायको म्हणाली, "कावून एवढं फिरता? ब्राउझरमधी एका पानावरच फाईल बदलून होतीय की. फाईल आपल्या लॅपटॉपच्या भाईर जात न्हाई."

"कशावरून?"

"पान उघडलं की नेट बंद करा अन् बघा."

मी नेट बंद केलं. फाईल टाकली. निळी पट्टी सरकत गेली आणि एमपीथ्री तयार झाली. कुणाच्या बापाला पत्ता नाही!

मग खात्रीसाठी दोघांनी ती ऐकली. अध्यक्षांचा आवाज मला ओळखीचा होता, माझा मात्र पहिल्यांदाच ऐकला. पाच मिनिटांत मी एकच वाक्य बोललो होतो, "हो साहेब." पोरं आणतो का? हो साहेब. गाढव हायस का? हो साहेब. एके ठिकाणी ते नुसतेच खोकले, तर तिथंही मी होकार दिला होता.

बायको हसली असती तर बरं झालं असतं. ती कुकर लावायला उठली.

"माझं तेवढं कापता येईल का?"

"कापा. पण मंग तुमी फोनवर होता, हे कसं कळंल?"

न कापताच फाईल जमा केली. शिक्षणाधिकारी साहेबांनी ती दार उघडं ठेवून, शिपायांसकट सगळ्यांना ऐकवली. "गुरुजी, तुम्ही तर प्रत्येक गोष्टीला संमती दिलीय. जबरदस्ती कुठंय यात?"

माझी परतीची एसटी वाटेतल्या नांदूरघाटला पोचायच्या आत क्लिप शाळेच्या ग्रुपवर आली होती. अध्यक्ष चिडतील म्हणून मी घाबरलो. ते खूश झाले. कार्यकर्त्यांनी शिव्यांच्या मागं ढोल टाकला, वर 'रोखठोक नेतृत्व' असं लिहिलं आणि मिरवणुकीत डीजेवर वाजवलं. माझा होकार नेमका ठेक्यावर पडत होता, म्हणून तो तसाच ठेवला. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण गणिताचा पेपर पुढं ढकलून मी वर्ग घेऊन गेलतो.

महिन्याभरानं तक्रार निकाली काढल्याचं पत्र आलं. पाकिटावर लाल शिक्का होता, 'गोपनीय'. पोस्टमननं सही घेतली आणि तिथंच घुटमळला.

"गुरुजी, ती क्लिप पूर्ण हाय का तुमच्याकडं? मला अर्धीच आलीय."