काढा कुणी पाजला
बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलो होतो, म्हणून त्या शेंगांचा वास आता सोसवत नाही. आत सून नातीला गोळी देत होती. नातीच्या पोटात आईच्याच लिव्हरचा तुकडा बसवलाय. अंगातली ताकद त्याला परका समजून मारते, म्हणून ती ताकद दाबायची ती गोळी. मला अडाण्याला हे कुठं ठाऊक? पोर सारखी आजारी पडते म्हणून ताकदीसाठी मी तिला चार महिने सुनेच्या चोरून गुळवेलीचा काढा पाजला. पुढं सुई घालून तपासलं, तर लिव्हरवर वण निघाले. काढ्यानंच झाले का, हे डॉक्टरही ठाम सांगेनात. पण त्यांनी ‘घरचं काही दिलंत का?’ विचारल्यावर बायको पटकन म्हणाली, ‘मी दिलं.’ तेव्हापासून सून तिच्याशी बोलेना. त्या संध्याकाळी मी म्हटलं, ‘सुनेला खरं सांगून टाकतो.’ ‘सुम्ने बसा हो, गप्प राहा,’ ती म्हणाली, ‘पोरीला तुमच्याजवळ फिरकू देणार नाही ती. माझं काय, सासू वाईट म्हणून कुणाला नवल वाटत नाही.’ आणि हसली. पहाटे झोपेतच गेली. सकाळी तिरडी बांधून झाली तरी सून दारातच उभी. मी चार माणसांदेखत तिला म्हटलं, ‘काढा मी पाजला होता, हिनं नाही. ये, हिच्या पाया पड.’