माईकवाल्यानं तटस्थ राहावं

पौडला कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे सातबारे, फेरफार, वारसनोंदी हाताखालून जातात. सख्खे भाऊ एकमेकांपासून काय लपवतात ते मला कधी कधी त्या भावांच्या आधी कळतं. त्यामुळे चटकन कुणावर विश्वास ठेवायची सवय राहिलेली नाही. बायको म्हणते, तुम्ही देवाकडेसुद्धा आधार कार्ड मागाल. मागेन की. मूर्तीवर पत्ता कुठे लिहिलेला असतो?

शनिवार-रविवारी मात्र मी माईकवाला असतो. भुकूमपासून रिहे खोऱ्यापर्यंत टेनिस बॉल क्रिकेटच्या ज्या स्पर्धा होतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी समालोचनाला मला बोलावतात. गेली काही वर्षं सामने यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. तेव्हापासून नव्या सोसायट्यांतली आयटीवाली मंडळीही ऐकतात. दुकानात एखादा भाडेकरार घेऊन येतो, मी दोन वाक्यं बोललो की मान वर करून म्हणतो, अहो, तुम्ही ते कॉमेंट्रीवाले ना? खोटं कशाला बोलू, त्या वेळी छाती फुगते.

माझा एक नियम होता. चेंडू चालू असताना खेळाडूंशिवाय कुणाचंही नाव घ्यायचं नाही. आमच्याकडे सामना सुरू असतानाच पुढारी येतात, फटाके वाजतात, आणि आयोजक लांबूनच हात हलवून ‘नाव घ्या, नाव घ्या’ अशा खुणा करतात. मी षटक संपेपर्यंत त्यांच्याकडे बघायचोच नाही. पुढारी कोणत्याही पक्षाचा असो, त्याला थांबावं लागायचं.

टेबलावर माझ्या शेजारी कायम एकच माणूस. डोंगरातल्या वाडीवरचा, पिरंगुटला कारखान्यात जाणारा, फारसं न बोलणारा. तो गुण लिहितो. आता मोबाइलवरही गुण भरतात, पण ह्याची वही सुटलेली नाही. बॉल बॅटला लागला की पायाला, अशी शंका आली की तो पेन्सिल वर धरून माझ्याकडे बघायचा. मी ‘लेग बाय’ म्हटलं की पेन्सिल खाली यायची. पंधरा वर्षं आमचं एवढंच बोलणं, आणि तेवढं पुरेसं होतं.

आमच्या गावची स्पर्धा गायरानात होते. गावाच्या सामाईक जमिनीतला तो सपाट तुकडा, डोंगराच्या पायथ्याशी. सामने नसतात तेव्हा तिथे वरच्या वाडीची गुरं चरतात. गेल्या वर्षी भातकापणी उरकली आणि एका सकाळी त्या गायरानाच्या कडेनं सिमेंटचे खांब उभे राहिलेले दिसले. तार नाही, पाटी नाही, नुसते खांब. आसपासचे सगळे डोंगर फार्महाऊसनी भरत असताना असे बिननावाचे खांब कुणी हौसेनं रोवत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

ग्रामसभेत मी उठलो आणि विचारलं, हे खांब कुणी रोवले? एवढंच. आवाज माझा असा की मागच्या व्हरांड्यात तंबाखू मळणारेही आत डोकावले. सरपंच म्हणाले, चौकशी करू. ग्रामसेवकानं वहीत काहीतरी लिहिलं. मी खाली बसलो.

चौथ्या दिवशी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. त्यांचा प्लॉटिंगचा धंदा आहे. ज्यांच्या नावानं आमचा चषक असतो त्या साहेबांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतात. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर होती. त्यांनी चहा नको म्हटलं तेव्हाच मी सावध झालो. त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला आणि मलाच मी दाखवला. ग्रामसभेत उभा राहून खांबांबद्दल विचारणारा मी.

“तात्या, तुमी माईकवालं,” ते म्हणाले. “माईकवाला सगळ्यांचा असतोय. त्यानं तटस्थ ऱ्हायाला पायजे.”

मी म्हटलं, मी कुणाची बाजू घेतली नाही, विचारलं फक्त.

“तेच म्हन्तोय मी. इचारायचं कशाला?”

मग मी त्यांना विचारलं, की स्पर्धेत तुम्ही जो टीशर्ट देता, त्यावर छातीभर साहेबांचा फोटो असतो, तो घालून मी दिवसभर बोलतो, ते तटस्थ का?

“त्यो फोटू म्हंजी स्पर्धा हाय,” ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. “त्यात राजकारण कुटं आलं?”

मला हसू आलं नाही, कारण ते थट्टा करत नव्हते. जाताना त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की कासार आंबोलीचा एक नवा माईकवाला चांगला बोलतो म्हणे. निवडणूक होईपर्यंत ग्रामसभेत तोंड उघडायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी मान डोलवली. आपल्याच मैदानावर दुसऱ्याचा आवाज ऐकायची माझी तयारी नव्हती.

ते गेल्यावर मात्र मी त्या व्हिडिओचाच विचार करत बसलो. मी त्यात डावीकडून दिसत होतो. आणि त्या दिवशी माझ्या डाव्या हाताला, खिडकीजवळ, माझा गुणलेखक बसला होता. मोबाइल त्याच्या हातात होता, हे मला पक्कं आठवत होतं. निदान तेव्हा तरी पक्कं आठवत होतं. साहेबांच्या माणसांनी वाडीवर पाण्याची टाकी देऊ केली आहे, असं कानावर आलं होतं. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागला नाही. तो धंदाच आहे माझा.

स्पर्धा सुरू झाली. मी त्याच्याशी बोलणं तोडलं. त्यानं पेन्सिल वर धरली की मी माईकवर जे बोलायचं ते बोलायचो, पण त्याच्याकडे वळायचो नाही. त्यानं डब्यातली भाकरी पुढे केली, मी पोट बिघडलंय म्हटलं. “काय झालंया?” त्यानं एकदा विचारलं. काही नाही, म्हटलं. तो पुन्हा वहीत बघायला लागला. मला ते त्याच्या चोरटेपणाचं लक्षण वाटलं.

अंतिम सामन्यात शेवटचं षटक चालू असताना साहेब आले. फटाके वाजले. अध्यक्ष सीमारेषेवरून हात हलवत होते. त्यांचा तो हात मी एरवी कधी पाहिला नसता. त्या दिवशी पाहिला. गोलंदाज धावत येत होता आणि मी साहेबांचं नाव घेतलं. कार्यसम्राट म्हटलं, आणखीही काही म्हटलं. माझं वाक्य संपलं तेव्हा मैदानात आरडाओरडा चालू होता, स्टंप पडले होते, एक फलंदाज चालायला लागला होता, आणि तो कसा बाद झाला हे मला माहीत नव्हतं. लाइव्ह बघणाऱ्यांना मी सांगितलं, आणि हा गडी बाद! नुसतं तेवढंच. शेजाऱ्यानं न विचारता वही माझ्याकडे सरकवली. ‘धावचीत’ लिहिलेलं होतं, कुणी फेक केली त्याच्या नावासकट. मला त्याचा आणखी राग आला.

पुढच्या ग्रामसभेला मी गेलो ते मागच्या भिंतीला टेकून बसायला. गेलो नसतो तर तेही लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं. सभा सुरू होण्याआधी ग्रामसेवक आत आले आणि डावीकडच्या खिडकीत एक स्टँड उभा करून त्यावर त्यांनी मोबाइल लावला. मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, सभेचं चित्रीकरण करत्यात की, मागल्या टायमाला बी केलं व्हतं, ग्रुपवर टाकत्यात समदं. आमच्या गावच्या त्या ग्रुपचे मेसेज मी दोन वर्षांपूर्वी बंद करून ठेवले होते.

त्या खिडकीतून पुढच्या ओळी डावीकडून दिसत होत्या. मागच्या सभेतली माझी जागाही तशीच दिसली असणार.

मला शरम वाटली. आता सभा संपली की गुणलेखकाला चहाला न्यायचं, असं मी ठरवत होतो, तेवढ्यात तोच उठला. पंधरा वर्षांत मी त्याला चारचौघांत बोलताना ऐकलं नव्हतं. त्यानं वहीतलं पान फाडून आणलं होतं, त्यावरून वाचत होता, आणि आवाज इतका बारीक की सरपंचांनी दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं. “गायरान गुरांना आनि खेळाला राखून ठिवावं. खांब काडावं. असा ठराव मांडतोय.”

ग्रामसेवकानं सूचक म्हणून त्याचं नाव लिहिलं. मग विचारलं, अनुमोदक कोण?

वाडीवरची माणसं त्या दिवशी मजुरीवर गेली होती. गावातले खाली बघत होते. अध्यक्ष पुढच्या खुर्चीत पाय हलवत बसले होते. त्यानं मान वळवली आणि सगळ्या लोकांतून नेमकं माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल वर धरून बघायचा तसंच. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं, हात वर केला असता तरी चाललं असतं. तीन मैदानं भरून टाकणारा आवाज माझा, पण मला पुढचा सीझन दिसत होता, माझ्या टेबलावर बसलेला तो कासार आंबोलीचा माणूस दिसत होता. मी माझ्या चपलांकडे बघितलं.

अनुमोदन नाही म्हणून ठराव पुढे गेला नाही. तो पान घडी करून खिशात ठेवत खाली बसला. बाहेर पडताना अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तात्या, तटस्थ ऱ्हायलात, लई बरं केलंत.

माईक माझ्याकडेच आहे. गायरानाच्या खांबांना आता तार लागली आहे, त्यामुळे आम्ही स्पर्धा नदीकाठच्या एका भाड्याच्या शेतात घेतो. तोही येतो. शेजारीच बसतो, डबा उघडतो, भाकरी पुढे करतो. मी माफी मागायला दोनदा तोंड उघडलं, पण कशाकशाची मागायची ते ठरेना. गुण तो अजून वहीतच लिहितो. बॉल पायाला लागला की बॅटला अशी शंका आली, की पेन्सिल वर धरून तो आता अंपायरकडे बघतो.